अर्धवेळ नोकरीचा हिशेब

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव स्थानकालगतच्या बाजारपेठेत, एका कापडाच्या दुकानात, महाविद्यालयीन शिक्षणाच्या काळात मी अर्धवेळ नोकरी केली. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दुकान, असा करार होता. कॉलेजची फी उसाचे बिल आल्यावरच भरली जाईल, हे ज्या घरात गृहीत धरलेले असते, त्या घरातील मुलीला दरमहा हाती पडणारी ठरावीक रक्कम, मग ती कितीही अल्प असो, केवढ्या आधाराची वाटते, हे ज्याने कारखान्याच्या हप्त्याची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. रेल्वेचा पास आणि परीक्षेचे शुल्क यांसाठी मला वडिलांपुढे हात पसरावा लागला नाही. या एका गोष्टीचे मोल मी आजही कमी लेखणार नाही.

स्त्रीच्या हाताला कसब असावे, हा विचार या गावाला नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी येथेच आश्रय दिला आणि केवळ अन्नवस्त्रावर न थांबता विणकाम, शिवण, छपाई असे उद्योग शिकविले. माझे शिक्षण त्या मानाने किरकोळ. परंतु तेही कसबच होते. साडीशी जुळणारा ब्लाउजपीस ट्यूबलाइटखाली कधीही पसंत करू नये, तागा उचलून गिऱ्हाइकाला दाराबाहेरच्या उजेडात न्यावे, कारण आत एकरूप भासणाऱ्या दोन मोरपंखी छटांतील अंतर उन्हात तत्काळ उघडे पडते. रुबियाचे टोक मुठीत चुरगाळून सोडले असता चुणी राहिली तर सूत आणि ती आपोआप उलगडली तर पॉलिस्टरची भेसळ समजावी. आणि बस्ता बांधायला आलेल्या मंडळींत साडी नवरीची असली तरी अखेरचा शब्द बहुधा भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाईंचा असतो, म्हणून पहिली घडी त्यांच्यापुढे मोडावी, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नसते. अनोळखी माणसाशी न अडखळता बोलण्याचे धैर्य मला तेथेच लाभले.

आता दुसरी बाजू. करारातील दिवेलागण लग्नसराईत कोणालाच आठवत नसे. बस्त्याला आलेले कुटुंब मध्येच सोडून जाता येत नाही हे खरे. परंतु लग्नसराई आणि विद्यापीठाच्या परीक्षा दोन्ही उन्हाळ्यातच येतात, आणि त्या ओढाताणीत मागे पडे तो अभ्यास. त्याहून कठीण होते ते उभे राहणे. जुन्या पेढीवर विकणारा आणि घेणारा दोघेही गादीवर बसत; काउंटर आले, गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या आल्या, आणि विकणारा मात्र उभा राहिला. गिऱ्हाईक नसतानाही बसणे आमच्या दुकानात शिष्टसंमत नव्हते. रात्री आई घमेल्यात मिठाचे कोमट पाणी काढून ठेवी. त्यात पाय बुडवूनच मी नोट्स वाचीत असे.

मालक मनाने वाईट नव्हते. आजारपणातील खाडे त्यांनी पगारातून वजा केले नाहीत. तथापि पुढे एका पतसंस्थेत अर्ज करताना अनुभवाचा दाखला मागण्यात आला, तेव्हा हजेरीपटावर नावच नाही तर दाखला कशाच्या आधारे देऊ, असे त्यांचे उत्तर आले. कीर्द-खतावणीत प्रत्येक मीटर कापडाची नोंद होती, ते मोजणाऱ्या हाताची नव्हती. पगार हाती पडला याचे समाधान मोठे असले, तरी आपले श्रम कोठेच रुजू झाले नाहीत, हे शल्य त्याहून दीर्घकाळ टिकते.

१९४८ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या जागी महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा कायदा केला. दिवसाचे काम नऊ तासांहून अधिक नसावे आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, अशी तजवीज त्यात होती. परंतु तिचा लाभ तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच होता. चार-पाच माणसांवर चालणारी तालुक्यातील बहुसंख्य दुकाने तिच्याबाहेरच राहिली. केरळात कापडदुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली आणि २०१८ मध्ये तेथील कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही आसनाची सक्ती केली. महाराष्ट्रात हा प्रश्न कापडदुकानांत रोज उभा असूनही त्याची चर्चा फारशी ऐकू येत नाही, याचा मला खेद वाटतो.

अर्धवेळ नोकरी करू नये, असे मी कोणत्याही मुलीला सांगणार नाही. तिने पहिल्याच दिवशी सुटीची वेळ आणि पगार कागदावर लिहून घ्यावा. आणि केडगाव, यवत, वरवंड, पाटस येथील दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे : कायदा लागू असो वा नसो, काउंटरमागे एक स्टूल ठेवा, हजेरीपटावर तिचे नाव लिहा, आणि ती नोकरी सोडून जाईल तेव्हा तिला दाखला द्या.