हजार डोळ्यांचा पहारा

स्कॉटलंडमधील एका लहानशा सरोवराकाठी दर वसंतात ऑस्प्रे पक्ष्यांचा संसार उभा राहतो आणि जगभरातील माणसे घरबसल्या तो पाहतात. ज्या देशात हा पक्षी माणसाच्या हावेपायी नाहीसा झाला होता, तिथलीच ही कहाणी.

एडिनबरोहून उत्तरेकडे इन्व्हर्नेसला जाणारी आगगाडी पर्थ मागे टाकते आणि हळूहळू डोंगर जवळ येऊ लागतात. याच मार्गावर डंकेल्ड हे टुमदार गाव आहे. टे नदीच्या काठावर जुने कॅथीड्रल, त्याच्या शेजारी पांढऱ्या भिंतींची छोटी घरे आणि नदीपलीकडे बर्नम. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये ज्या जंगलाच्या चालून येण्याने राजाचा घात होतो, ते हेच बर्नम. गावापासून रमतगमत तीनेक किलोमीटर चालत गेले की झाडीतून पाणी चमकू लागते. हे 'लॉख ऑफ द लोज'. लॉख म्हणजे सरोवर.

सरोवर फार मोठे नाही. काठाने पाइनची उंच झाडे, पाण्यावर तुरेवाल्या पाणडुब्या, झाडांवर लाल खारी. 'स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट' ही संस्था या परिसराची देखभाल करते. पण येणाऱ्यांचे पाय ना पाणडुब्यांकडे वळतात ना खारींकडे. सगळे सरळ लाकडी निरीक्षणगृहात शिरतात आणि दुर्बीण एका पाइनच्या शेंड्यावर रोखतात. तिथे काटक्यांचा एक प्रचंड ढीग दिसतो. एखादा माणूस त्यात आरामात पाय पसरून झोपू शकेल, एवढा मोठा. हे ऑस्प्रेचे घरटे आणि त्यावर रोखलेला कॅमेरा इथल्या प्रत्येक हालचालीचे चित्र त्याच क्षणी जगभर पोहोचवत असतो.

मासे पकडण्यासाठीच घडलेला पक्षी

ऑस्प्रे हा घारीपेक्षा थोडा मोठा शिकारी पक्षी. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे, डोळ्यावरून मागे गेलेला काळा पट्टा. पंख पसरले की दीड मीटरच्या वर भरतात. आपल्याकडील पक्षिनिरीक्षक त्याला मोरघार किंवा कैकर म्हणतात. त्याचा आहार जवळजवळ पूर्णपणे माशांचा आणि निसर्गाने त्याची जडणघडणही त्याच कामासाठी केली आहे. पायाच्या तळव्यांना बारीक काटे असतात, त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही. बाहेरचे बोट मागे वळवता येते, म्हणजे दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी घट्ट पकड बसते. पाण्यात सूर मारताना नाकपुड्या बंद होतात. पकडलेला मासा तो डोके पुढे करून नेतो. वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि मासा पायाखाली धरलेल्या होडक्यासारखा दिसतो.

हाच पक्षी ब्रिटनमधून नामशेष झाला होता. मत्स्यपालकांना तो चोर वाटे, म्हणून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवण्याची हौस होती, म्हणून मारला गेला. आणि अंडी गोळा करण्याचा छंद तर प्रतिष्ठित घरांतला होता. तांबूस ठिपक्यांची ऑस्प्रेची अंडी म्हणजे संग्रहातील मानाचा तुरा. पक्षी जितका दुर्मीळ होत गेला, तितकी त्याच्या अंड्यांची किंमत वाढत गेली आणि किंमत वाढली तशी उरलेली घरटीही लुटली गेली. १९१६ नंतर स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रेचे घरटे नांदताना दिसले नाही.

जवळजवळ चार दशके अशीच गेली. १९५४ च्या सुमारास एक जोडी हायलँड्समधील लॉख गार्टन परिसरात परतली. राखणदार बसवले गेले, तरी १९५८ साली एका रात्री अंधाराचा फायदा घेऊन एक चोर झाडावर चढलाच आणि त्या वर्षीची वीण वाया गेली. तेव्हा पक्षिसंरक्षण संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी एक उलटाच विचार केला. घरटे लपवून वाचत नसेल, तर ते सर्वांना दाखवूया. १९५९ मध्ये लोकांना ठरावीक अंतरावरून घरटे पाहण्याची मुभा मिळाली. हजारो माणसे रांगा लावून आली. त्या वर्षी तीन पिल्ले सुखरूप उडाली. लोकांची नजर हेच कुंपण झाले. आजचा कॅमेरा म्हणजे त्याच युक्तीची पुढची पायरी. आता ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या सुमारे तीनशे जोड्या आहेत.

मार्च ते ऑगस्ट : एक संसार

आपल्याकडे गुढीपाडव्याची लगबग असते, त्या सुमारास इथे पहिला पक्षी परततो. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, गांबिया अशा प्रदेशांत काढून, सुमारे पाच हजार किलोमीटर उडून तो आलेला असतो. गंमत म्हणजे नर आणि मादी हिवाळा एकत्र घालवत नाहीत. दोघांचा प्रवास वेगळा, मुक्काम वेगळा. सहा-सात महिन्यांनी ती भेटतात ती याच घरट्यावर. एकाला यायला फार उशीर झाला, तर दुसरा नवा जोडीदार स्वीकारतो. त्यांची निष्ठा जोडीदारापेक्षा घरट्याशी अधिक असते.

मग डागडुजी सुरू होते. नर काटक्या आणतो, मादी त्या मनासारख्या लावून घेते. एखादी आडवी-तिडवी काठी इकडून तिकडे किती वेळा हलवावी, याला सुमार नसतो. पाहणाऱ्या गृहिणींना हे दृश्य ओळखीचे वाटले तर नवल नाही. एप्रिलच्या मध्यास मादी दोन किंवा तीन अंडी घालते आणि मग सुरू होते सुमारे सदतीस दिवसांची बैठक. अंडी उबवण्याचे बरेचसे काम मादीचे. नर मासा आणून देतो आणि ती जेवायला उठली की तेवढ्यापुरता अंड्यांवर बसतो. एप्रिलमध्ये कधी हिमवर्षाव होतो. पाठीवर बर्फाचा थर साचलेला आणि मादी जागची हललेली नाही, असे चित्र कॅमेऱ्याने अनेकदा टिपले आहे.

मे महिन्याच्या अखेरीस अंड्याला तडा जातो. पिल्लू एवढेसे, मान धरवत नाही. त्याच्यापुढे मादी भलीमोठी चोच वाकवून माशाचा दाण्याएवढा तुकडा अलगद धरते. पन्नास-पंचावन्न दिवसांत तेच पिल्लू आईबापांएवढे होते, वाऱ्यावर पंख फडफडवत घरट्यातल्या घरट्यात उड्या मारते आणि एके दिवशी खरोखरच उडते.

लेडीची कहाणी

लॉख ऑफ द लोजची खरी नायिका म्हणजे 'लेडी'. तिच्या पायात ओळखीचे कडे नव्हते. डोळ्याच्या बुबुळातील खुणेवरून तिला ओळखत. ती १९९१ पासून इथे येऊ लागली असे मानले जाते. ऑस्प्रेचे सरासरी आयुष्य आठ-दहा वर्षांचे, पण लेडी येतच राहिली.

२०१० च्या जूनमध्ये ती अचानक आजारी पडली. मासा समोर असूनही खाईना, उभी राहीना. घरट्यात पिल्लू होते आणि ही पंख सैल टाकून पडलेली. कॅमेरा सुरूच होता. बातमी पसरली आणि जगभरातून लोक पाहू लागले. आता ती काही तासांचीच सोबती, असे जाणकारांनाही वाटू लागले. अनेकांनी कळवळून विचारले, कोणीतरी वर चढून तिला औषध का देत नाही? निदान पाणी तरी?

संस्थेने हात लावायचा नाही असे ठरवले. त्यामागे कारण होते. माणूस झाडावर चढला असता तर घाबरून नर घरटे सोडून गेला असता, तर पिल्लाला मासा आणणारे कोणी उरले नसते. शिवाय जंगली पक्ष्याला पकडल्याचा धक्काच कधी कधी जीव घेतो. तरीही एखादा जीव डोळ्यांसमोर विझत असताना हात बांधून बसणे सोपे नव्हते. पाहणाऱ्यांनाही नाही आणि सरोवराकाठी दिवसरात्र पहारा देणाऱ्या स्वयंसेवकांना तर नाहीच.

काही दिवसांनी लेडीने मान उचलली. माशाचा तुकडा तोडला. मग ती उठली, उडाली आणि पुन्हा पिल्लाला भरवू लागली. त्यानंतरही ती चार वर्षे येत राहिली. २०१४ हा तिचा शेवटचा हंगाम. सलग चोवीस वर्षे, एकाहत्तर अंडी आणि उडून गेलेली पन्नास पिल्ले, असा तिचा हिशेब सांगितला जातो. २०१५ च्या वसंतात ती आली नाही. त्या घरट्यावर नवी मादी बसली.

हात लावावा की नाही?

लेडीच्या गोष्टीचा शेवट गोड झाला, म्हणून निर्णय बरोबर ठरला असे वाटते. पण प्रत्येक वेळी असे होत नाही. दोनच वर्षांनी, २०१२ च्या जूनमध्ये, वेल्समधील डवी नदीच्या खोऱ्यात मोठे वादळ झाले. तिथेही कॅमेऱ्याखाली एक घरटे होते. नद्यांना गढूळ पूर आला, नराला मासे मिळेनात. तीन पिल्लांपैकी एकच उरले आणि तेही मान टाकू लागले. इथल्या कार्यकर्त्यांनी वेगळा निर्णय घेतला. ते वर चढले, पिल्लाला खाली आणून मासे भरवले आणि घरट्यात मासे ठेवून त्याला परत ठेवले. पिल्लू वाचले, मोठे झाले, पहिल्याच प्रवासात सेनेगलपर्यंत पोहोचले. मात्र तिथे त्याच वर्षी मासेमारीच्या जाळ्यात अडकून त्याचा अंत झाला.

मग त्याला वाचवणे चुकीचे होते का? तसे कोणी म्हणणार नाही. मुलाला तापातून वाचवताना पुढे त्याच्या वाट्याला काय येणार, हे आईबाप विचारत नाहीत. आणि लेडीच्या वेळी दूर राहणारे निर्दय होते असेही नाही. एका ठिकाणी माणूस चढल्याने घरटे उधळण्याची भीती होती, दुसऱ्या ठिकाणी गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात घरट्यात हात घातला जाई तो लुटण्यासाठी, तीच माणसे आज हात घालण्यापूर्वी शंभरदा विचार करतात. बदल झाला तो इथे.

अर्थात सगळेच बदलले असेही नाही. २०२१ साली वेल्समधील लिन ब्रेनिग जलाशयावर कोणीतरी रात्री करवतयंत्राने घरट्याचा खांबच कापून पाडला. घरट्यात त्या हंगामातले पहिले अंडे होते. पहारा अजून लागतो, तो यासाठी.

निरोपाविना प्रवास

ऑगस्टमध्ये बहुधा सर्वांत आधी मादी निघून जाते. नर मागे राहून पिल्लांना मासे पुरवतो. मग तीही एकेक करून निघतात. वाट दाखवायला आई नाही, बाप नाही. कधी न पाहिलेल्या खंडाकडे, एकट्याने. बरीचशी पिल्ले पहिल्या वर्षातच दगावतात. जी जगतात, ती साधारण दोन वर्षे आफ्रिकेतच काढून मग जन्मभूमीकडे वळतात.

२०२० च्या टाळेबंदीत स्कॉटलंडमधीलच लॉख अर्केगच्या घरट्याने घरात कोंडलेल्या असंख्य लोकांना सोबत केली. त्या वर्षी तिथे तीन पिल्ले उडाली. पुढच्या वसंतात नर परतला, मादी मात्र आली नाही. नराने काही काळाने दुसऱ्या मादीबरोबर जवळच्याच वेगळ्या घरट्यात संसार मांडला. वर्षभर जिच्या येण्याकडे डोळे लावून बसलेल्या लोकांनी रिकाम्या घरट्याकडे पाहत कितीतरी दिवस काढले.

पाहायचे असेल तर

प्रत्यक्ष जायचे तर एप्रिल ते ऑगस्टचा मध्य हा काळ उत्तम. जून-जुलैत पिल्ले मोठी झालेली असतात आणि दिवसही लांबच लांब असतो. एडिनबरोहून 'डंकेल्ड अँड बर्नम' स्थानकापर्यंत रेल्वेने जाता येते. उन्हाळा असला तरी पावसाळी जाकीट आणि एक स्वेटर हवाच. बारीक चावऱ्या माश्यांचाही त्रास होतो. दुर्बीण बरोबर न्यावी, निरीक्षणगृहात मुलांना हळू बोलायला सांगावे.

घरबसल्या पाहणाऱ्या भारतीय कुटुंबांना वेळेचा फरक सोयीचाच आहे. जूनमध्ये तिथे उजाडते तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. पिल्लांची न्याहारी आपल्या दुपारच्या जेवणाआधी पाहून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना अंडी आणि नवजात पिल्ले दिसतात, शाळा सुरू झाल्यावर त्यांची वाढ.

आणि प्रत्यक्ष ऑस्प्रे पाहण्यासाठी परदेशीच जायला हवे असेही नाही. उत्तरेकडील थंड प्रदेशांतले ऑस्प्रे हिवाळ्यात भारतातही उतरतात. उजनीसारख्या मोठ्या जलाशयांवर थंडीच्या दिवसांत एखादा ऑस्प्रे पाण्यातल्या वाळक्या झाडावर बसून मासा खाताना दिसतो. तो दिसला तर होडी फार जवळ नेऊ नये. त्याला अजून खूप लांबचा परतीचा प्रवास करायचा असतो.