वृद्ध मांजर आणि श्रावकाची जयणा

जैन व्यापारी घरात मांजर सहसा कोणी पाळत नाही. ते येते आणि राहते. दुकानाच्या ओट्याखाली किंवा गोदामातील पोत्यांच्या आडोशाला एखादी मांजरी विते, पाऊस लागला म्हणून एक पिल्लू उंबरठ्याच्या आत येते, मुले त्याच्यापुढे बशी ठेवतात, आणि घरातील ज्येष्ठांनी 'नको' म्हणेपर्यंत ते त्यांच्याच पायाशी झोपलेले असते.

या येण्यात आणि पाळण्यात शास्त्रानेही भेद केला आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' हे एक आहे. 12व्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचे स्पष्टीकरण करताना मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्या रांगेत मांजरही बसवले. मात्र दोष सांगितला तो धनासाठी केलेल्या पोषणाचा. धान्याच्या गोदामात उंदरांच्या बंदोबस्तासाठी बाळगलेले मांजर या व्याख्येच्या फार जवळ जाते. दारी आलेल्या जीवाला आसरा देणे ही मात्र अनुकंपा, आणि तिचा हिशेब पिल्लाच्या गोंडसपणापाशी संपत नाही. मांजर चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि एके दिवशी ठरलेली मातीची जागा सोडून भलतीकडेच लघवी करू लागते, तेव्हा खरी उलाढाल सुरू होते.

कर्वेनगरातील एका घरी ती नेमकी कटासण्यावर झाली. हे उपनगर, म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक, ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 ते 1962 असे 104 वर्षे जगले; वार्धक्याचा मान राखायला याहून योग्य पत्ता शोधून सापडणार नाही. पण वयाचा हा मान मांजराच्या वाट्याला लवकर येत नाही. जुन्या तीन मजली इमारतीचे पुनर्विकासाचे काम निघाले, कुटुंब दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या सदनिकेत राहायला गेले, आणि महिन्याभरात मनीने आधी सासूबाईंचे सामायिकाचे लोकरी कटासणे भिजवले, मग न्हाणीघरापुढचे पायपुसणे, मग दिवाणखान्यातील गादीचा कोपरा. ज्या खोलीत रोज सकाळी अठ्ठेचाळीस मिनिटे समभावाचा अभ्यास होतो, त्याच खोलीत त्या समभावाची परीक्षा ठेवली गेली.

सल्ला द्यायला कोणी कमी पडले नाही. एका नातेवाइकाने सुचवले, पोत्यात घालून राजाराम पुलापलीकडे सोडून द्या, मांजर कुठेही जगते. चौदा वर्षे माणसांत राहिलेले मांजर कुठेही जगत नाही. अनोळखी जागी ते भुकेने, कुत्र्यांच्या भीतीने आणि तहानेने झिजते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा उपाशी-तहानलेल्या अवस्थेत पडेल अशा रीतीने प्राणी टाकून देणे हा गुन्हा मानतो. ज्या घरात मुंगी चुकवून पाऊल टाकले जाते, तिथे हा सल्ला ऐकून घेतला जावा हेच नवल.

सासूबाईंचा उपाय सौम्य होता आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. "अगं, संध्याकाळनंतर तिच्यापुढे पाणी ठेवू नकोस. पिणार नाही तर करणारही नाही," त्या सुनेला म्हणाल्या. सून जरा घुटमळली. "आई, हे आपण प्रतिक्रमणात म्हणतो त्यातलंच नाही का?" अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार प्रत्येक श्रावकाला ठाऊक असतात: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या आश्रितांचे अन्न-पाणी रोखणे हा त्यांतला पाचवा. बैलाची गव्हाण डोळ्यांपुढे ठेवून हा नियम समजावला जातो. पण स्वयंपाकघरातील वाडग्यालाही तो तितकाच लागू आहे. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि वाडगा स्वतःच भरून ठेवला.

इथे धर्म आणि वैद्यक एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या रुक्ष प्रदेशातील रानमांजर. पाण्याच्या दुष्काळात जगता यावे म्हणून त्याचे मूत्रपिंड लघवी अतिशय दाट करते, आणि मागमूस राहू नये म्हणून ते मऊ, सुटी, कोरडी माती उकरून विष्ठा झाकते. मांजराची जगप्रसिद्ध स्वच्छता ती हीच. वय झाले की मूत्रपिंड थकते. त्याची सुमारे दोन तृतीयांश शक्ती गेल्यावर लघवी दाट होईनाशी होते, आणि रक्ततपासणीतील क्रिएटिनिन तर त्याहूनही उशिरा वाढते. म्हणजे मांजर जास्त पाणी पिते म्हणून जास्त लघवी करते असे नसून, लघवीवाटे पाणी निसटते म्हणून ते पिते. त्याचे पाणी तोडणे म्हणजे आधीच हप्त्यावर चाललेले मूत्रपिंड एका रात्रीत बुडवणे होय. मधुमेहात आणि थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेतही असेच घडते. म्हणून जागा चुकली की पहिला दोष स्वभावाला न देता लघवी, रक्त आणि रक्तदाब तपासून घेणे हेच शहाणपण. बोका असेल आणि वारंवार बसूनही थेंबच पडत असतील, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. तिथे सकाळची वाट पाहणे जिवावर बेतते.

दुसरे कारण सांध्यांचे, आणि ते बहुतेक घरांत नजरेतून सुटते. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील 100 मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे पाहिली गेली. त्यांतील 90 मांजरांत सांध्यांची झीज आढळली. मांजर लंगडत नाही, विव्हळत नाही. ते फक्त उंच उडी मारणे सोडते, पाठीचे केस चाटणे सोडते, आणि वीतभर उंच काठाच्या ट्रेमध्ये चढणे टाळते. मनीच्या बाबतीत असेच निघाले. नव्या जागेत शोभून दिसावा म्हणून घुमटासारख्या झाकणाचा बंद ट्रे आणला होता आणि तो कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवला होता. आत जायला उंबरा, वळायला जागा नाही, वर यंत्राची घरघर. लोकरी कटासणे मात्र मऊ, सपाट, शांत खोलीत आणि दुखऱ्या पंजांना सुखाचे. मांजराच्या बाजूने पाहिले तर निवड अगदी रास्त होती.

उपाय स्वस्त निघाला. घरातील मोठा, पसरट प्लास्टिकचा ट्रे घेऊन त्याची एक बाजू दोन-तीन बोटांपर्यंत कापली आणि कड घासून गुळगुळीत केली. मांजराच्या लांबीच्या दीडपट ट्रे असावा, आणि जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून दुसरा ट्रे सामायिकाच्या खोलीबाहेर, तिच्या झोपायच्या जागेजवळ ठेवला. सुगंधी लिटर बंद केले, कारण माणसाला चमेली वाटणारा वास मांजराच्या नाकाला झोंबतो. सांधेदुखीवर औषध पशुवैद्यांनी दिले तेच चालू ठेवले. घरच्या डब्यातील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

फिनाईलची गोष्टही तशीच. डाग पडला की पुण्यातील कोणत्याही घरात प्रथम हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. फिनॉल वर्गातील द्रव्ये मोडण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. ओल्या फरशीवरून चाललेले पंजे चाटल्याने ती पोटात जातात. अमोनियायुक्त द्रावण तर मांजराला लघवीसारखेच वाटते आणि जणू पुन्हा तिथेच येण्याचे निमंत्रण देते. लघवीतील यूरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने निघत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात गेलेला वास आषाढात दमट हवेबरोबर परत येतो. त्यासाठी एन्झाइमयुक्त स्वच्छक मिळते. ते जागेवर मुरू द्यावे लागते, पुसून टाकण्याची घाई उपयोगी नाही.

व्यापारी वाचकांसाठी एक विषयांतर. 1947 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लोव या तरुणाने शेजारणीला तिच्या मांजरासाठी राखेऐवजी शोषक माती दिली. ती होती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी मातीच. त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. आज गोळा धरणारे लिटर बनते त्या बेंटोनाइटचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत. आजीच्या उटण्याच्या डब्यातील वस्तूची सख्खी बहीण परदेशी छापाच्या पिशवीत शिरून कर्वेनगरच्या दुकानात येते.

आहाराचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. दूध-पोळी आणि दहीभात यांवर मांजर वाढवणारी घरे समाजात आहेत, आणि त्यांची भावना निर्मळ आहे. पण मांजराचे शरीर टॉरिन पुरेसे तयार करू शकत नाही. त्याच्या अभावाने हृदयाचे स्नायू निकामी होतात, हे 1987 साली अमेरिकेत सिद्ध झाले. डोळ्यांवरचा परिणाम त्याआधीच ठाऊक होता. कृत्रिम टॉरिन घातलेले शाकाहारी तयार खाद्य मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या वृद्ध मांजरावर त्याचा प्रयोग पशुवैद्यांना विचारल्याशिवाय करणे जोखमीचे आहे. समाजाने या पेचातून पूर्वीही वाट काढली आहे. दिल्लीच्या लाल मंदिरातील जैन पक्षी रुग्णालय शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेते. घार-ससाणे दारात आले तर त्यांच्यावरही उपचार होतात, फक्त त्यांना मुक्कामी ठेवले जात नाही. या घरात मनीचे पथ्याचे खाद्य आणि भांडी बाल्कनीत वेगळी ठेवली जातात. एवढ्यावर सर्वांचे समाधान झालेले नाही, आणि प्रश्न असा आहे की ते होऊही नये.

एका पशुवैद्यांनी शेवटच्या इंजेक्शनचा विषयही काढून पाहिला. 1928 साली साबरमती आश्रमात गांधीजींनी असह्य वेदनेतील वासराला मरण दिले, तेव्हा निषेधाची पत्रे पाठवणाऱ्यांत जैन बांधव होते. सल्लेखनेशी या गोष्टीची तुलना कोणी करू नये. ते स्वतः स्वीकारलेले व्रत आहे, दुसऱ्याच्या वतीने ते घेता येत नाही. घराने नकार दिला, आणि त्या नकाराबरोबर येणारे काम पत्करले: कातडीखाली सलाइन देणे, वेदनाशमन, दिवसातून दोनदा ट्रे साफ करणे. हे काम कोण करणार, हेही उघड ठरवले गेले. अशा नकाराचा मान घराला मिळतो आणि श्रम एकट्या सुनेच्या वाट्याला येतात, असे पुष्कळदा होते. इथे सकाळची पाळी मुलाकडे आणि रात्रीची सासऱ्यांकडे आहे.

पाच समितींतील शेवटची, परिष्ठापनिका किंवा उत्सर्ग समिती, साधू-साध्वींना मलमूत्राचे विसर्जन निर्जीव भूमी पाहून, कोणाला बाधा न होईल असे करायला सांगते. श्रावकाला तिचे बंधन नाही, पण दिशा घेता येते. लिटर शौचालयात ओतले तर नळ तुंबतात. ओल्या कचऱ्यात मोकळे टाकले तर कचरावेचक ताईंच्या हातात विष्ठा जाते. म्हणून सासरे रोजचे गोळे जुन्या वर्तमानपत्रात घट्ट बांधतात, पुडीवर ठळक खूण करतात आणि ओल्या कचऱ्यापासून वेगळी देतात. पुडी बांधण्याआधी ते गोळे मोजतात. दुकानातील जुन्या लाल वहीत तारीख, गोळ्यांची संख्या, प्यालेले पाणी आणि रविवारचे वजन अशा चार रकाने पाडलेल्या नोंदी आहेत. गोळे तीनावरून सहावर गेले, हे त्या वहीमुळे चार दिवसांत कळले, आणि तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातून या आठवड्यात आली.