फिरंग्याची बायको

हॅनोव्हर, रविवार रात्र

प्रिय ताई,

गेल्या डिसेंबरात तू इथे होतीस तेव्हा माझ्याकडे जेवायला आलेलं जोडपं तुला आठवत असेल. ती पंचेचाळिशीची, ठेंगणी, फार न बोलता हसत बसलेली. तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. ते गेल्यावर भांडी पुसता पुसता तू म्हणालीस, ‘‘पैशासाठी केलंय गं हिनं. आणि सहावी शिकलेल्या बाईशी हा बोलत तरी काय असेल?’’ मी गप्प बसले. तुझं म्हणणं मला पटलं असं तुला वाटलं असेल. पटलं नव्हतं. पण त्या रात्री मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून आज लिहितेय.

ती थायलंडच्या ईशान भागातली. हे नाव आपल्या ईशान्येचंच, आणि तो मुलूख देशाच्या त्याच कोपऱ्यात येतो. तिच्या गावाजवळचं मोठं शहर उदोन थानी. त्यातलं ‘उदोन’ म्हणजे आपलं उत्तर. तिकडे गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात, आपला फिरंगी तो हाच. त्याच्याशी लग्न करणारी ती ‘मिया फरांग’, फिरंग्याची बायको. या शब्दाला एक जुना डाग चिकटलाय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात उदोन, उबोन, कोरात, नाखोन फनोम इथे अमेरिकेचे हवाई तळ होते. १९७६ पर्यंत सैनिक परत गेले, पण त्यांच्याबरोबर राहिलेल्या बायकांना पडलेलं ‘मिया चाओ’, म्हणजे भाड्याची बायको, हे नाव मागे राहिलं. १९७९ साली जन्मलेल्या माझ्या मैत्रिणीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरी बँकॉकमध्ये नवऱ्याबरोबर चालताना लोकांच्या नजरेत तिला ते नाव दिसतं. ताई, तुझ्या वाक्यात मला तीच नजर दिसली, म्हणून मला लागलं.

आता तिची सहावी. तिच्या लहानपणी थायलंडात सक्तीचं शिक्षण होतंच सहा वर्षांचं. तिच्या आईच्या वेळी तर चारच वर्षांचं. ते नऊ वर्षांचं झालं १९९९ च्या शिक्षण कायद्याने. तोवर ही वीस वर्षांची झाली होती आणि सात वर्षं बँकॉकच्या शिवणकारखान्यात काढून बसली होती. घरी भाताचं एकच पीक देणारी, पावसावरची जमीन आणि पाठीवर दोन भाऊ. रविवारच्या सुटीत प्रौढांच्या सरकारी वर्गाला जाऊन ती पुढे नववी पास झाली. हे नवऱ्यालाही लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

इथे माझ्या जर्मनच्या वर्गात ती पहिल्या दिवशी रोमन अक्षरं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मोजून मापून काढत होती. शेजारणीला ती निरक्षर वाटली. मी तिला फळ्याशी बोलावून तिच्या लिपीत लिहायला सांगितलं. तिने ४४ व्यंजनं झरझर लिहिली, आणि क्रम आपल्या क-ख-ग चाच! त्या दिवसापासून आमची मैत्री.

तिच्या शाळेत वर्षाच्या सुरुवातीला ‘वाय ख्रू’ व्हायचं. ख्रू म्हणजे गुरू. मुलं शिक्षकांपुढे गुडघे टेकून फुलं वाहतात. त्यांत वांग्याचं फूल असतं, आणि हरळी असते, आपल्या दूर्वा. हा विधी बहुधा गुरुवारी होतो. अशा शाळेतून आलेली मुलगी शिक्षकाला ‘मला कळलं नाही’ म्हणत नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे त्यालाच शिकवता आलं नाही असं सुचवणं. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतः मागे सरायचं, याला थाई लोक ‘क्रेंग जाय’ म्हणतात. आपल्याकडची भीड त्याच्या जवळपास जाते, पण भिडेत थोडा भित्रेपणा धरला जातो. तिकडे ‘क्रेंग जाय’ हा चांगल्या वळणाचा भाग आहे.

आणि लग्न कुणाशी झालं? ज्याने आयुष्यभर मुलांना ‘समजलं नाही तर विचारा, पटलं नाही तर भांडा’ हेच सांगितलं अशा मास्तराशी. तो विम्याचा कागद समजावून सांगायचा, ती ‘हो, हो’ म्हणायची. महिन्याने तो कागद कोराच सापडायचा. ‘तू खोटं बोललीस,’ तो म्हणायचा. तिच्या दृष्टीने ते ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही एवढा वेळ दिलात, त्याचा मान ठेवते’. मग तो आवाज चढवायचा आणि ती दोन-दोन दिवस मिटून जायची. चारचौघांत तो तिच्या जर्मनमधली शब्दांची लिंगं सुधारायचा, अगदी मायेने, मास्तरकीच्या सवयीने. हळूहळू ती चारचौघांत बोलेनाशीच झाली. तुझ्यासमोर ती नुसती हसत होती ना, ते यामुळे. शिक्षणातली तफावत म्हणजे कोण किती इयत्ता शिकलं एवढंच आपण धरतो. मला ती अधिक दिसली प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत.

आता पैशाचं. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर तिच्या गावी गेले होते, तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला. नवरा मुलगा स्वित्झर्लंडचा. सकाळी भिक्खूंना जेवण, मग ढोलकांच्या तालावर वराची मिरवणूक, आणि वधूच्या दारी पोरींनी चांदीची नि सोन्याची साखळी आडवी धरलेली, पाकिटं दिल्याशिवाय सोडायचं नाही. आपल्या करवल्यांची आठवण झाली. पण पुढे ‘सिन सोत’ आलं. हे वराने वधूच्या आईबापांना द्यायचं धन. नोटा आणि सोन्याच्या साखळ्या सगळ्यांसमोर मांडून मोजल्या. वराच्या आईचा चेहरा पांढरा पडला. आपला मुलगा बायको विकत घेतोय असंच तिला वाटत होतं. मी तिच्या शेजारी बसून, जमेल तसं, सांगत होते की हे मुलीला वाढवल्याचं ऋण मानलं जातं. त्यासाठी शब्द आहे ‘बुन खुन’, म्हणजे पुण्य आणि गुण. ज्याला त्याची जाण असते तो ‘कतन्यू’, पालीतला कृतज्ञ. नंतर म्हाताऱ्यांनी मनगटावर पांढरे दोरे बांधले तेव्हा मात्र ती बाई रडली, आणि ते दोरे तिने परतीच्या विमानातही काढले नाहीत म्हणे.

आपल्याला हे समजायला आणखी जड जातं, कारण आपण मुलगी ‘दिली’ म्हणतो. ईशानमध्ये जुनी रीत उलटी आहे: जावई सासरी राहायला येतो, आणि बहुतेक वेळा धाकटी मुलगी घर सांभाळते, आईबापांना सांभाळते, घरही तिलाच मिळतं. माझ्या मैत्रिणीला ‘माहेर’ हा शब्द समजावताना माझी पुरेवाट झाली. ती म्हणाली, आईचं घर ते माझंच घर, त्याला वेगळं नाव कशाला?

अशा मुलीची आई सत्तरीला आली. शेतकरी बाई, तिला कुठलं निवृत्तिवेतन? तिकडे सरकार साठीनंतर वृद्धभत्ता देतं, २०११ च्या दरांनी महिन्याला ६०० बाट, वयाबरोबर थोडा वाढत जाणारा. म्हणून ही इथे एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते आणि आपल्याच पगारातून दर महिन्याला आईला पाठवते. हो ताई, आपल्याच पगारातून. नवऱ्याला तरीही ते खुपायचं. त्याची आई स्वतःच्या पेन्शनीवर वृद्धाश्रमात राहत होती, मुलाकडून एक युरो घेणं तिला अपमानाचं वाटलं असतं. इथला कायदाही आईबापांच्या देखभालीचा खर्च मुलांकडे मागतो तो मुलाची वर्षाची कमाई एक लाख युरोंच्या वर गेली तरच. ‘आई मुलीकडून पैसे कसे घेते?’ हा त्याचा प्रश्न होता. आणि तिचा, जो तिने त्याला कधी विचारला नाही, मला विचारला: ‘याने आईला परक्यांच्या हाती कसं ठेवलं?’ दर रविवारी ती जाऊन सासूचे केस धुवायची, नखं कापायची. सासू गेली त्या आठवड्यात त्याने मला विचारलं, माझं काही चुकलं होतं का? मी म्हणाले, तिलाच विचारा. त्याने विचारलं. त्या रात्री दोघं पहाटेपर्यंत बोलत बसले असं तिने मला सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

सगळंच असं गोड होतं असं मी म्हणणार नाही. इथे नवऱ्याच्या आधाराने आलेल्या बाईला स्वतःच्या हक्काने राहता यायला साधारणपणे तीन वर्षांचा संसार व्हावा लागतो, आणि त्या तीन वर्षांत मार, उपाशी ठेवणं मुकाट सोसलेल्या दोघीजणी माझ्या वर्गात येऊन गेल्या. उलट बाजूलाही घाव बसतात. थायलंडात परक्याला जमीन घेता येत नाही. बायको घेऊ शकते, १९९९ पासून. पण नवऱ्याने जमीन कचेरीत लिहून द्यायचं की हा पैसा तिचा एकटीचा आहे, माझा नाही. आयुष्यभराची बचत घालून बांधलेल्या घराबाहेर उभे राहिलेले पुरुष मी उदोनमध्ये पाहिले. माझ्या या मैत्रिणीच्या नवऱ्यानेही सही केली. हात थरथरला, असं तो सांगतो.

त्यांची मुलगी आता बारा वर्षांची. तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, हा आईला पडलेला मोठा पेच. शाळेत शिकलेली भाषा थाई, घरची लाओच्या जवळची ईशान बोली, आणि इथे आपली मोडकी जर्मन. शिकलेल्या थाई बायका सांगायच्या, शुद्ध थाई बोल, बोलीने मुलीचं नुकसान होईल. मी भांडून सांगितलं, ज्या भाषेत तुला तुझ्या आईने रागावलं त्या भाषेत बोल. तिने ऐकलं.

आज संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. रविवारी गावाहून आईचा फोन येतो. आता पहिली पाच मिनिटं तोच बोलतो. मुलीकडून बोली शिकलाय, या वयात, वहीत लिहून. जेवलात का, पाऊस झाला का, गुडघा कसा आहे, एवढंच त्याला येतं. आज त्याने ‘जेवलात का’चा सूर चुकवला, तर मुलीने लगेच दुरुस्त केलं. तिकडून म्हातारी मोठ्याने काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, कळलं नाही. मग फोन जवळ धरून त्याने तिला परत विचारलं.

तुझी,
धाकटी