रंगाची राखण

कोल्हापूर,
आश्विन शुद्ध प्रतिपदा

चिरंजीव मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. नवी गाडी दारात आल्याचे वृत्त कळवताना चिरंजीवाने तीन गोष्टी विचारल्या आहेत: गाडी धुवावी कशी, पॉलिश केव्हा करावे आणि वॅक्स लावल्याने नेमके काय साधते. खंडेनवमी आठवड्यावर आली असल्याने उत्तर सविस्तर देणे इष्ट ठरते. ही तिन्ही कामे एकाच कामाच्या पायऱ्या वाटतात, परंतु त्यांचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. धुताना गाडीवर बाहेरून आलेली घाण निघते, पॉलिश करताना गाडीच्या रंगलेपाचाच काही अंश निघतो आणि वॅक्स लावताना त्या लेपावर एक नवा, तात्पुरता थर चढतो. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्याला पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, कारण ते त्यातूनच निघतात.

प्रथम रंगलेपाची रचना पाहावी. पोलादी पत्र्यावर गंजरोधक रासायनिक प्रक्रिया झाल्यावर संपूर्ण सांगाडा एका टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर सुमारे २० मायक्रॉन जाडीचा पहिला लेप बसवतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर प्रायमर, म्हणजे पुढच्या रंगाला घट्ट धरून ठेवणारा थर, त्यावर बेस कोट, म्हणजे डोळ्यांना दिसणारा खरा रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन, पारदर्शक थर असतो. या वरच्या थराची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असते आणि सूर्याचे अतिनील किरण शोषून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्ये त्यातच मिसळलेली असतात. सगळे थर मिळून होणारी जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदापेक्षा फार जास्त नाही. ज्याला मालक गाडीचा रंग म्हणतो आणि ज्यावर फडका फिरवतो, तो प्रत्यक्षात त्या कागदाचाही अर्धाच भाग असतो.

ड्यूपाँ कंपनीने १९२३ मध्ये ‘ड्यूको’ नावाचा लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग बाजारात आणण्यापूर्वी मोटारीला रंग देऊन तो वाळवण्यात आठवडे जात. पुढे दीर्घकाळ रंग आणि चकाकी एकाच थरात असे, त्यामुळे पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागत असे आणि काहीतरी झिजते आहे हे डोळ्यांना दिसत असे. १९८० च्या दशकापासून रंग आणि पारदर्शक थर वेगळे करण्याची पद्धत सर्वत्र रुळत गेली. आता झिजतो तो पारदर्शक थर असल्याने फडका रंगत नाही, आणि होणारी हानी मालकाच्या नजरेआड राहते. म्हणूनच आजच्या गाडीच्या बाबतीत समजून-उमजून वागण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

चकाकी म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होणे. पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे पडले की प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि रंग धुरकट दिसू लागतो. काळ्या किंवा गडद गाडीच्या बॉनेटवर ऊन पडले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात ती याच ओरखड्यांची होत. ती वर्तुळे गोल हात फिरवल्यामुळेच पडतात असा समज असला, तरी ओरखडे बहुधा सर्व दिशांना असतात आणि त्यांतले प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकत असल्याने त्यांची वर्तुळाकार मांडणी भासते. त्यांचे मूळ धुळीत आहे. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोस श्रेणीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. क्लिअर कोट त्यामानाने फारच मऊ. रोज सकाळी कोरड्या फडक्याने किंवा कुंच्याने गाडी झटकून पुसण्याची जी सवय शहरोशहरी दिसते, तिच्यात हेच कण काचकागदाचे काम करतात. गाडीच्या चकाकीचे सर्वाधिक नुकसान तिची स्वच्छता करतानाच होते, ही गोष्ट खेदाची असली तरी खरी आहे.

म्हणून धुण्याचे पहिले सूत्र असे की, धूळ घासून न काढता आधी वाहून जाऊ द्यावी. गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताला गार लागावा, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पूचे पाणी जागीच वाळून डाग धरते. टपापासून खालपर्यंत नुसते पाणी सोडून सैल झालेली माती निघून गेल्यावरच हात लावावा. दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीसाठी बनवलेल्या शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा, म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांचा, हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून पिळावा आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत घालावा, म्हणजे निघालेली माती परत रंगावर जात नाही. क्रम टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांची खालची कड व बंपर असा ठेवावा, कारण सर्वांत जाड खडी खालीच चिकटलेली असते. चाकांसाठी निराळे फडके आणि निराळी बादली हवी. ब्रेकमधून झडणारे लोखंडी कण रंगावर जाता कामा नयेत. हात सरळ रेषेत आणि हलका चालवावा, आणि हातमोजा जमिनीवर पडलाच तर तो पुरता धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेले हे पदार्थ रंगावरचे वॅक्सही काढून टाकतात.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. इथल्या कातळातल्या बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे पांढरे गोल डाग काही दिवसांत लेपात रुतू लागतात. घरातल्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीसाठी वापरण्याची काटकसर स्तुत्य आहे, परंतु त्या पाण्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात, हे विसरू नये. ते पहिल्या भिजवणीला आणि चाकांना जरूर वापरावे. शेवटचे पाणी मात्र उपलब्ध असेल त्यांतले सर्वांत हलके असावे आणि गाडी आपोआप वाळू न देता मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने ताबडतोब टिपून घ्यावी. नळी मोकळी सोडण्याऐवजी बादल्या आणि हाताने दाबायचा फवारापंप वापरल्यास पाणीही पुष्कळ वाचते.

दोन धुण्यांमधल्या काळात पक्ष्यांच्या विष्ठेकडे दुर्लक्ष करू नये. तिच्यातली आम्लद्रव्ये उन्हाने मऊ झालेल्या लेपावर खोलवर ठसा उमटवतात, आणि तो ठसा मग धुऊन जात नाही. आंब्याखाली उभ्या गाडीवर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट, गोड स्राव पडतो, तर किनाऱ्यालगत खारा वारा पत्र्याच्या उघड्या चऱ्यांत गंज धरवतो. विष्ठा किंवा चिकटा दिसताच त्यावर ओला फडका काही मिनिटे ठेवून ती मऊ झाल्यावर अलगद उचलावी. कोरडी खरवडू नये.

धुतल्यानंतरही हाताला रंग खरखरीत लागला, तर लोखंडी कण, डांबर किंवा झाडाचा चीक लेपात रुतून बसला आहे असे समजावे. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटे फिरवल्यास ही खरखर अधिक स्पष्ट जाणवते. तिच्यासाठी क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखी मऊ, चिकट वडी, भरपूर शाम्पूच्या पाण्याच्या वंगणावर हलकेच फिरवतात. रुतलेले कण तिला चिकटून निघतात. वडी वरचेवर दुमडून नवी बाजू घ्यावी, आणि ती खाली पडल्यास सरळ टाकून द्यावी.

पॉलिशचा विचार यानंतरच करावा, आणि तोही संकोचानेच. पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म घर्षक कण असतात. ते ओरखडा भरून काढत नाहीत. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून त्याच्या तळाच्या पातळीवर आणतात. गॅरेजमध्ये ज्याला रबिंग कंपाउंड म्हणतात त्यात हेच कण अधिक भरड असतात. म्हणजे प्रत्येक पॉलिशसरशी अतिनील किरणांपासून रक्षण करणारा थर थोडा पातळ होतो आणि तो परत वाढत नाही. बोटाचे नख ज्या चऱ्यात अडकते तो पॉलिशने काढण्याइतका उथळ राहिलेला नसतो, आणि त्याचा हट्ट धरल्यास आजूबाजूचा लेप संपतो. नवशिक्याने फिरत-फिरत डोलणाऱ्या, ड्युअल ॲक्शन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रावरच शिकावे. एकाच अक्षावर गरगरणारे रोटरी यंत्र एका जागी रेंगाळल्यास तिथे उष्णता साठून लेप करपू शकतो. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन आधी हातभर जागेवर परीक्षा करावी आणि तेवढ्याने भागल्यास त्यापुढे जाऊ नये. कडा आणि उंचवटे यांवर लेप लवकर झिजतो, म्हणून तिथे चिकटपट्टी लावावी. मॅट, म्हणजे मुद्दाम चकाकीविना ठेवलेल्या, रंगाला पॉलिश कधीच करू नये. चिरंजीवाच्या नव्या गाडीला तर आज पॉलिशची मुळीच गरज नाही, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी फुकट करून देतो म्हटले तरी नम्रपणे नकार द्यावा.

वॅक्स मात्र पहिल्या दिवसापासून उपयोगी आहे. पारंपरिक वॅक्सचा मुख्य घटक कार्नौबा हा ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचा मेणासारखा थर होय. ही पाने वाळवून तो झाडून काढतात. त्याचा द्रवणांक सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअस, म्हणजे नैसर्गिक मेणांमध्ये फार वरचा आहे. तरीही ऊन आणि वारंवार धुणे यांपुढे तो काही आठवडेच टिकतो. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात. धुतलेल्या, कोरड्या आणि गार पत्र्यावर वॅक्सचा शक्य तितका पातळ थर द्यावा, तो धूसर झाला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यावा, आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना तो लागू देऊ नये, कारण तिथे पांढरा डाग राहतो. जाड थराने रक्षण वाढत नाही, केवळ पुसण्याचे कष्ट वाढतात. वॅक्स ओरखडा थांबवत नाही, परंतु पाणी, विष्ठा आणि क्षार यांना थेट लेपाशी भिडू देत नाही, आणि झिजते तेव्हा स्वतः झिजते. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहायचे थांबून पसरू लागले की ते पुन्हा लावण्याची वेळ झाली.

खंडेनवमीच्या पूजेपूर्वी एक दिवस गाडी धुऊन वॅक्स लावावे. हळदकुंकू बॉनेटच्या रंगावर न लावता काचेच्या कोपऱ्यावर किंवा नंबरप्लेटच्या कडेला लावावे, झेंडूचे तोरण तारेत न ओवता दोऱ्यात ओवावे, आणि नारळ पत्र्यापासून दूर जमिनीवर वाढवावा. दुसऱ्या दिवशी ते कुंकू कोरडे न पुसता पाण्याने धुऊन काढावे. यात पूजेला कुठेही उणेपण येत नाही, कारण ज्या साधनाची पूजा करायची त्याला इजा होऊ न देणे हा पूजेचाच भाग आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पुण्यातल्या सोसायटीत चिरंजीवाची गाडी बहुधा पहाटे येणारा कामगारच धुईल, आणि एकाच बादलीत, एकाच फडक्याने त्याला अनेक गाड्या उरकाव्या लागतील. दोष त्याचा नाही. कमी वेळ, थोडे पाणी आणि जुना फडका एवढेच त्याच्या हाती दिलेले असते. त्याला एक जादा बादली, दोन हातमोजे आणि शाम्पूची बाटली घेऊन द्यावी, रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुण्यास सांगावे, आणि त्या एका धुण्याचे पैसे रोजच्या पुसण्याइतकेच द्यावेत. एकदा त्याच्या शेजारी उभे राहून, माती आधी वाहून का जाऊ द्यायची, हे त्याला समजावून द्यावे. त्याच्या हाताखालच्या सगळ्याच गाड्यांना त्याचा लाभ होईल, आणि त्याच्या कसबाला त्याचे मोलही मिळेल.

कळावे. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

मामा