शब्दाला जात विचारू नकोस

सातारा,
२८ जून

चि. छोटीस,


तुझं पत्र परवा मिळालं. शाळेत रुजू होऊन दोन आठवडेही झाले नाहीत आणि तू मुलांच्या वह्या इतक्या बारकाईनं बघतेस, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहितेस, की सहावीच्या वर्गानं आठही पार्ट्स ऑफ स्पीचच्या व्याख्या एका सुरात म्हणून दाखवल्या. मग तू फळ्यावर ‘वॉटर द प्लँट्स’ एवढंच लिहिलंस, ‘वॉटर’ची जात विचारलीस, आणि सगळा वर्ग ‘नाऊन’ म्हणून ओरडला. “मावशी, पाठांतर चोख आहे, मग चूक कुठे झाली?” असं तू विचारलंस. या प्रश्नाशी माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांनी चूक केलेली नाही. नाम म्हणजे व्यक्तीचं, स्थळाचं किंवा वस्तूचं नाव, असं आपण त्यांना सांगितलं. पाणी ही वस्तू आहे. तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर व्याख्येला धरूनच आहे. मी नवीन होते तेव्हा एका मुलानं ‘अ लाँग जर्नी’मधल्या ‘जर्नी’ला क्रियापद म्हटलं होतं. प्रवास करणं ही क्रियाच आहे, असं त्याचं म्हणणं. मी लाल शाईनं फुली मारली. त्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, “बाई, ‘इज’मध्ये कसली क्रिया होते?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री लक्षात आलं, की मुलगा आणि मुलगी दोघंही माझीच व्याख्या प्रामाणिकपणे वापरत होती. अपुरी होती ती व्याख्या. शब्दाच्या अर्थाकडे बघून तो काय आहे हे ठरवायला आम्ही शिकवत होतो, आणि इंग्रजीत ते तसं ठरतच नाही.

आपल्या पुस्तकांतला शब्दच बघ: ‘शब्दांच्या जाती’. जात म्हटलं की ती जन्मानं चिकटलेली, न बदलणारी, असंच मुलाच्या मनात येतं. ‘पार्ट ऑफ स्पीच’मध्ये तसं काही नाही. बोलण्यातला भाग, वाक्यातला वाटा, एवढाच त्याचा अर्थ. लग्नघरातला एकच माणूस नवरीचा मामा असतो, तिच्या आईचा भाऊ असतो आणि कुणाचा तरी जावईही असतो. तो कोण, हे तो कुणाशेजारी उभा आहे यावरून कळतं. शब्दाचंही तसंच आहे. ‘राउंड’ घे. ‘अ राउंड टेबल’मध्ये तो विशेषण आहे, ‘द फर्स्ट राउंड’मध्ये नाम, ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये प्रीपोझिशन, आणि ‘द शिप राउंडेड द केप’मध्ये क्रियापद. एकाच शब्दाची ही पाच कामं. आधी जात ठरवून वाक्याकडे गेलं, तर यातली चार चुकतात.

आठ हा आकडाही देवानं दिलेला नाही, हे शिक्षकाला माहीत असावं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्याशा व्याकरणात ग्रीक भाषेचे आठ भाग सांगितले आहेत. त्यात विशेषणाला स्वतंत्र घर नव्हतं, ते नामातच राहत होतं. लॅटिनमध्ये उपपद, म्हणजे आर्टिकल, नाही, म्हणून रोमच्या व्याकरणकारांनी ते काढलं आणि उद्गारवाचक शब्दांना वेगळी जागा दिली. आकडा आठच राहिला. पुढे इंग्रजीचं व्याकरण लिहिणाऱ्यांनी लॅटिनचाच साचा घेतला आणि आपल्या भाषेसाठी तो इकडेतिकडे उसवला. लिंडले मरेच्या १७९५ च्या व्याकरणात ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ वेगळे धरल्यामुळे नऊ भाग झाले. १९५२ साली अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी तर सगळी जुनी नावंच बाजूला ठेवली. वाक्यातल्या कोणत्या जागेवर कोणता शब्द बसू शकतो, एवढंच पाहून त्यांनी चार मोठे वर्ग आणि कामकरी शब्दांचे पंधरा लहान गट मांडले.

आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात चारच प्रकार आहेत: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे अव्ययं). पाणिनीला तर पदाचे दोनच मोठे प्रकार पुरले, सुबन्त म्हणजे नामाचे प्रत्यय लागलेलं आणि तिङन्त म्हणजे क्रियापदाचे प्रत्यय लागलेलं. मराठीच्या आठ जाती आल्या त्या इंग्रजी व्याकरणाच्या वाटेनं. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अवघ्या बाविशीत होते. त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. म्हणून तुझ्या वर्गातल्या मुलांच्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या पुस्तकात जवळजवळ एकच चौकट दिसते. तिचा तू भरपूर उपयोग करून घे.

आपली नावं तर किती बोलकी आहेत! उभयान्वयी म्हणजे दोघांचा संबंध जोडणारं, शब्दयोगी म्हणजे शब्दाला जोडून येणारं. ‘कंजंक्शन’ची व्याख्या पाठ करण्याआधी मुलाला ‘उभय’चा अर्थ कळला, तर निम्मं काम झालं. एक नाव मात्र जपून वापर. क्रियाविशेषण फक्त क्रियेबद्दल सांगतं असं मुलांना वाटतं. ‘व्हेरी हॉट’मध्ये ‘व्हेरी’ विशेषणाबद्दल सांगतो, जसं आपल्या ‘फार गरम’मध्ये ‘फार’ सांगतो. हे जोडीनं दाखवलंस तर अडचण राहणार नाही.

आता मूळ गाठीकडे येते. मराठीत शब्दाचं काम त्याच्या अंगावर दिसतं. ‘कुत्र्यानं मांजराला पकडलं’ हे वाक्य ‘मांजराला कुत्र्यानं पकडलं’ असं फिरवलं, तरी कोण पकडणारा आणि कोण सापडलेलं हे बदलत नाही. ‘नं’ आणि ‘ला’ सगळं सांगतात. शब्दाचं सामान्यरूप होतं, ‘घर’चं ‘घरा’ होतं, आणि पुढे प्रत्यय येणार हे कानाला आधीच कळतं. इंग्रजीनं नामाचे असले बहुतेक प्रत्यय कधीच टाकून दिले. तिथे कुत्रा आणि मांजर यांची जागा बदलली की मारणारा आणि मार खाणारा बदलतो. आपलं मूल प्रत्यय शोधतं, इंग्रजी वाक्य त्याला जागा दाखवत असतं. ‘वॉटर द प्लँट्स’मध्ये तुझी मुलं इथेच अडली. मराठीत ‘पाणी’ला क्रियापद व्हायचं तर ‘घाल’ची सोबत लागते. इंग्रजीत ‘वॉटर’ आज्ञेच्या जागी नुसता येऊन बसला, की झालं क्रियापद.

तरीही मराठी मुलाला ही गोष्ट अगदी परकी नाही, आणि सुरुवात इथूनच कर. ‘मागे बस’मध्ये ‘मागे’ क्रियाविशेषण आहे, ‘घरामागे’मध्ये शब्दयोगी. ‘वर बघ’ आणि ‘टेबलावर’ यांतही तसंच. ‘पोहणं चांगलं’मध्ये ‘पोह’ या धातूचं नाम झालं, आणि नेमकं तेच ‘स्विमिंग इज गुड’मध्ये होतं. ही उदाहरणं मुलांच्या तोंडून काढून घे, व्याख्या न सांगता. इंग्रजी त्यानंतर येऊ दे.

पुढे माझ्या वर्गात उपयोगी पडलेला एक खेळ सांगते. फळ्यावर असं एक वाक्य लिही, ज्यातल्या मुख्य शब्दांना काही अर्थच नाही: ‘एक लुबरा डांगू खिरपटीवर भसाभस चुपकला.’ कुणी काय केलं, विचार. डांगू चुपकला. कसला डांगू? लुबरा. कुठे? खिरपटीवर. कसा? भसाभस. मुलं हसत हसत सगळी उत्तरं देतील, कारण व्याकरण त्यांच्या अंगात आहे. मग इंग्रजीत लिही: ‘द डिंपी मॉग प्लिब्ड स्नोफ्ली अंडर द ग्रेक.’ ‘द’नंतर काय येतं, ‘अंडर द’पुढे कोण बसलं, शेवटी ‘ड’ लागलेला शब्द कोणता, हे ती आपोआप शोधतील. अर्थाचा आधार काढून घेतला की नजर जागेवर आणि शेपटावर जाते. मुलांनी हेच बघायला शिकावं, एवढ्यासाठीच हा खेळ.

दुसरी सवय शब्दकोशाची लाव. शब्दापुढे छापलेली ‘एन’, ‘व्ही’, ‘अॅड्ज’ ही बारीक अक्षरं मुलं ओलांडून जातात. एका शब्दाखाली अशी किती अक्षरं आहेत, ते मोजायला सांग. ‘बॅक’ किंवा ‘डाऊन’ उघडून दिलंस तर त्यांचे डोळे मोठे होतील. त्याच वेळी हेही सांग, की सगळेच शब्द असे फिरत नाहीत. ‘हॅपीनेस’ नामच राहतो. ‘द’ आपली जागा सोडत नाही. शेपटावरही आंधळा विश्वास नको. ‘एलवाय’ दिसलं की क्रियाविशेषण, असं ठरवून मूल ‘फ्रेंडली’ला चुकतं, आणि ‘फास्ट’ला ‘एलवाय’ लावून बसतं. ‘आय वर्क हार्ड’ आणि ‘आय हार्डली वर्क’ ही दोन वाक्यं शेजारी लिही. एक कष्टाळू माणसाचं, दुसरं जवळजवळ काहीच न करणाऱ्याचं. हा फरक ज्याला कळला, त्याला व्याकरण कशासाठी शिकायचं हेही कळलं.

तू म्हणशील, परीक्षेत व्याख्या विचारतात. विचारू देत. व्याख्या वर्षाच्या शेवटीही पाठ होतात, आणि तोवर त्यात काय सांगितलंय हे मुलांना दिसलेलं असतं. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुझ्या सहावीच्या मुलांनी पाच वर्षं ही भाषा ऐकली, वाचली, गिरवली आहे. घरी इंग्रजी बोलणारं कुणी नसलेल्या मुलांना वर्गातला हा एक तासच मिळतो. उद्या एखादं लांबलचक इंग्रजी वाक्य समोर आलं आणि त्यातलं क्रियापद त्यांना सापडलं, तर बाकीचं वाक्य ती हळूहळू उलगडतील. अर्ज असो, औषधाची चिठ्ठी असो, कॉलेजचं जाड पुस्तक असो, क्रियापद कुठे आहे आणि ते कोण करतंय, हे ज्याला शोधता येतं तो घाबरून पान मिटत नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. ‘याची जात कोणती?’ हा प्रश्न तुझ्या वर्गात विचारू नकोस. ‘हा इथे काय काम करतोय?’ असं विचार, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य समोर ठेवूनच विचार. सोमवारी ‘वॉटर’ची तीन वाक्यं फळ्यावर लिही: पाणी पिण्याचं, झाडांना पाणी घालण्याचं आणि पाण्याच्या बाटलीचं. मुलं काय म्हणाली ते मला कळव. मी वाट बघते आहे.

तुझी,
मावशी