विकावं की देऊन टाकावं?

फिरतीच्या नोकरीतल्या कुठल्याही गृहिणीला विचारा, सामान बांधण्यापेक्षा सामान कमी करणं जास्त अवघड असतं. ट्रकमधून काय न्यायचं हे एकदा ठरलं, की उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न पुढे उभा राहतो. विकायचं की कुणाला तरी देऊन टाकायचं? ऐकायला सोपं वाटतं. पण एवढ्याशा गोष्टीवरून नवरा-बायकोत अबोला धरला जातो, शेजारणी दुखावतात आणि कामाला येणाऱ्या बायकांची आपसात भांडणं लागतात. 2023 साली हे निवृत्त झाले आणि आम्ही हजीरा सोडून बेळगावला परत आलो. निघण्याआधीचा महिनाभर आमच्या घरात याच प्रश्नाचा खल चालला होता.

हजीरा म्हणजे सुरतेच्या पुढे, तापी समुद्राला मिळते तिथला कारखान्यांचा पट्टा. 1980 नंतरच्या काळात ओएनजीसीचा गॅस प्रकल्प आणि कृभकोचा खतकारखाना आला, मग एस्सार, रिलायन्स, एल अँड टी अशा मोठ्या कंपन्या आल्या. एस्सारचा पोलाद कारखाना 2019 मध्ये आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टील यांच्याकडे गेला. कारखान्यांबरोबर कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि सगळ्या हिंदुस्थानातली माणसं तिथे येऊन राहिली. अशा वसाहतीत कायमचं कुणीच नसतं. निवृत्ती झाली की ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामं करून द्यायचं. त्यामुळे तिथल्या वस्तूही फिरत्याच. आमचं जेवणाचं टेबल एका बिहारी कुटुंबाकडून आलेलं, त्यांनी ते एका तेलुगू कुटुंबाकडून घेतलं होतं. त्याआधी ते कुणाचं होतं, देव जाणे.

मी शहापूरची, माहेरी मराठी. हे बैलहोंगलचे, घरात कन्नड. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वाच म्हणतो. अव्वांशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि बाजारात गुजराती, अशी यांची तीस वर्षं गेली. सामानाचा विषय निघाला तेव्हा यांचं मत तयारच होतं. ''सगळं देऊन टाकू. इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लं, आता जाताना चार पैशांसाठी दुकान कशाला मांडायचं?''

मला ते पटेना. खासगी कंपनीत नोकरी केलेल्या माणसाला पीएफमधून महिन्याला किती पेन्शन येते, हे ज्या घरांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इथलं कपाट देऊन टाकायचं आणि बेळगावात गेल्यावर नवं कपाट विकत घ्यायचं, तर ते पैसे येणार कुठून? शिवाय कपाट मागायला आले होते ते आमच्यासारखेच पगारदार लोक. त्यांना फुकट देण्यात कुठलं पुण्य?

पण आपल्या मध्यमवर्गीय घरांत जुनं विकायचं म्हटलं की एक संकोच असतो, तो माझ्याही मनात होता. शेजारणीला किंमत सांगताना जीभ अडखळते. मग आपण म्हणतो, ''द्या हो काय द्यायचं ते.'' घेणारी कमी देते, आपण वरून हसतो आणि पुढे वर्षभर मनातल्या मनात कुढतो. शेजारच्या गुजराती भाभींनी मला त्यातून बाहेर काढलं. ''एमां शरमावानुं शुं?'' म्हणाल्या आणि मला समोर बसवून यादी करायला लावली. वस्तू, किती वर्षं वापरली, काय बिघाड आहे, किंमत. कूलरचा पत्रा खालून गंजलाय, हेही त्यांनी लिहायला लावलं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तिथे लोखंड टिकतच नाही. यादी क्लबच्या फळ्यावर लागली आणि चार दिवसांत कपाट, फ्रीज, टेबल, दोन पलंग ठरल्या किमतीला गेले. कुणी रुसलं नाही. ज्यांनी टेबल घेतलं त्यांनी दुसऱ्याच दिवशी आम्हाला त्याच टेबलावर जेवायला बोलावलं. व्यवहार चोख असला की संबंध बिघडत नाहीत, हे मी तिथे पाहिलं.

यावरून एक गंमत आठवते. 'गुजरी' हा शब्द आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापुरात गुजरी म्हटलं की सोन्याचांदीची पेढी डोळ्यांपुढे येते. कन्नडमध्ये 'गुजरी अंगडी' म्हणजे भंगाराचं दुकान. आणि अहमदाबादेत साबरमतीच्या काठी रविवारी जुन्या वस्तूंचा जो मोठा बाजार भरतो, त्याचंही नाव गुजरीच. एकाच शब्दात सोनंही आणि भंगारही. वस्तूचं तसंच असतं. आपल्या घरात जी अडगळ, ती दुसऱ्याच्या घरात कामाची.

जुन्या वस्तूंचा व्यापार आपल्याकडे नवा नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या आया-आज्यांना चांगली माहीत होती. मुंबईत हा धंदा करणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी मूळच्या गुजरातेतल्या. त्यांच्याच समाजातले लोक दिल्लीला गेले आणि तिथे रघुबीर नगरात जुन्या कपड्यांची मोठी मंडी उभी राहिली. म्हणजे साडी देऊन स्टीलचा डबा घेताना आपण त्या साडीला पुढच्या वाटेला लावत होतो. ती धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जायची. घासाघीस व्हायची खरी, पण उपकार कुणावरच नसायचे.

देण्याचं मात्र तसं नाही. देताना आपलं मन मोठं होतं आणि डोळे थोडे झाकले जातात. कठोपनिषदातली नचिकेताची गोष्ट आठवा. त्याच्या वडिलांनी यज्ञात सर्वस्व दान करायला काढलं आणि त्यात अशा गाई निघाल्या, की ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं. त्या गाई बघून पोराला प्रश्न पडला, की असलं दान देणाऱ्याच्या वाट्याला काय येणार? हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट, पण आजही कपाट आवरताना ती खरी ठरते. झिप तुटलेली बॅग, एका पायातला मोजा, कान मोडलेला कुकर आपण 'गरिबाला होईल' म्हणून बाजूला ठेवतो. गरिबाला तरी कान मोडलेल्या कुकरचा काय उपयोग?

26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये देशभरातून इतके जुने कपडे गेले, की त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच कोपल्या. तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे 'जुने कपडे पाठवू नका' असं सांगायची वेळ आली होती. 'गूंज' ही दिल्लीची संस्था 1999 पासून जुन्या कपड्यांचं आणि वस्तूंचं काम करते. तिचे संस्थापक अंशु गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची एक रीत मला फार आवडते. गावातले लोक मिळून विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, तळं साफ करतात आणि त्या कष्टांच्या बदल्यात त्यांना कपडे आणि घरसामान मिळतं. घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखं वाटू नये, एवढंच त्यामागे आहे.

हेच मला आमच्या घरात एका शिलाई मशीनवरून नीट उमगलं. आमच्याकडे काम करणारी बेन जवळच्याच गावातली, हळपती समाजातली. तिची मुलगी शिवण शिकलेली. माझं पायाचं मशीन तिलाच द्यायचं, यावर आम्हा दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, ''मफत नथी जोईतुं, बेन.'' मला वाटलं भीड वाटत असेल. पण तिचं गणित वेगळं होतं. फुकट आलेली वस्तू घरात सगळ्यांची होते. उद्या जाऊ म्हणेल मला दे, दीर म्हणेल विकून टाक. पैसे मोजून घेतली तर ती मुलीची, तिच्यावर कुणी हात ठेवणार नाही. तिने स्वतःच आठशे रुपये ठरवले. पाचशे रोख दिले आणि उरलेले त्या महिन्याच्या पगारातून कापायला लावले.

वर आणखी एक गोष्ट मागितली. चिठ्ठी. वसाहतीच्या फाटकातून कुठलंही सामान बाहेर न्यायचं तर घरमालकाच्या सहीची चिठ्ठी लागते, नाहीतर चौकीदार अडवतो आणि चार लोकांसमोर हजार प्रश्न विचारतो. यांनी चिठ्ठीत लिहिलं, 'शिलाई मशीन रुपये आठशेला विकलं, पैसे पोहोचले.' मुलीने मशीन हातगाडीवर चढवलं आणि ती चिठ्ठी हातात धरून फाटकातून बाहेर पडली. ते आठशे रुपये आमच्या हिशेबात फार मोठे नव्हते. पण आम्ही ते नाकारले असते, तर तिच्या हातात त्या चिठ्ठीवरचा 'विकलं' हा शब्द आला नसता.

मग काय, देणं चुकीचंच का? तसंही नाही. हजीऱ्याजवळ मोरा गावात भाड्याच्या खोल्यांमधून ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारकडची कंत्राटी कामावरची मुलं राहतात. एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण. यांच्या ओळखीची काही मुलं तिथे होती. गाद्या, दोन सायकली, मोठी पातेली हे सगळं त्यांना दिलं. त्यांनी हसत घेतलं, भीड नाही की अवघडलेपण नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, आम्ही गावी जाऊ तेव्हा पुढच्या पोरांना ठेवून जाऊ. 2020 च्या टाळेबंदीत सुरतेतून किती कामगार एका पिशवीनिशी गावाकडे निघाले, हे आम्ही जवळून पाहिलं होतं. मागे राहिलेल्या गादीचं, स्टोव्हचं काय करायचं, हे ठरवण्याइतकी सवडच त्यांना कुणी दिली नाही. 'विकावं की द्यावं' असा विचार करत बसायला मिळणं, हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे.

बाकीच्या वस्तूंचं फार लांबवत नाही. मराठी-कन्नड पुस्तकं आमच्याबरोबर आली. जुना मोठा टीव्ही कुणी घेईना. तो रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिला, तर तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. म्हणून ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात पोहोचवला. सुरत साड्यांचं गाव, तिथे जुन्या सिंथेटिक साडीला कोण विचारतो? पण अव्वांच्या सुती इरकली मी सोडल्या नाहीत. त्यांची आपल्याकडे वाकळ होते, अव्वांच्या भाषेत कौदी.

शेवटी राहिला अव्वांचा तांब्याचा हंडा. त्यांच्या लग्नातला, काठावर कन्नड अक्षरांत त्यांच्या आईचं नाव कोरलेला. तळाला भोक पडलेलं. भंगारवाल्याने ताजवा काढला आणि वजनावर भाव सांगितला. हे म्हणाले, विकायचा नाही. मी म्हटलं, कुणा पाहुण्यांना देऊ. अव्वा शांतपणे म्हणाल्या, ''इथं नको. बेळगावला नेऊन मोडीत घाला.'' आम्ही चकितच झालो. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. फुटका हंडा सांभाळून कुणाचं भलं झालंय? खडेबाजारात हंड्याची मोड देऊन वर थोडे पैसे घातले आणि पाणी प्यायचे दोन तांबे घेतले, दोन नातींसाठी दोन. दोन्हींवर अव्वांच्या आईचं तेच नाव पुन्हा कोरून घेतलं. ना विकलं, ना दिलं. आपल्या जुन्या बायकांना ही तिसरी वाट पहिल्यापासून माहीत होती.

त्या महिन्यात मी काही गोष्टी ठरवून टाकल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. जी वस्तू विकायला आपल्याला लाज वाटेल इतकी मोडकी आहे, ती कुणाला देऊही नये. ज्याची ऐपत आहे त्याला रास्त किमतीत विकावी, दोष आधी सांगून. ज्याला गरज आहे त्याला आधी विचारावं, की तुला कशी हवी, फुकट की विकत? आणि उत्तर येईल तसं करावं. आपण उदार आहोत हे दाखवण्यासाठी त्याच्या 'नको'वर कुरघोडी करू नये.

अव्वा एक गोष्ट नेहमी सांगतात, ''कोट्टमेले मर्तुबिडबेकु.'' दिल्यावर विसरून जावं. मी त्यात एवढीच भर घालेन, की विकल्यावरही विसरावं. भाभींचा अजून फोन येतो, पण आमच्या टेबलाची चौकशी मी कधी करत नाही. ते आता त्यांच्या शेजाऱ्यांचं आहे, आणि काही वर्षांनी आणखी कुणाचं तरी होईल.