चाकाआतली जागा

आमच्या भागात जीप ही नुसती गाडी नाही, ती सोय आहे. पाटणच्या पश्चिमेला, कोयनाकाठच्या वाड्यांवर एसटी दिवसातून दोनदा यायची आणि पावसाळ्यात तिचाही भरवसा नसायचा. दवाखाना, बाजार, लग्नाचं वऱ्हाड, दहावीच्या परीक्षेची पोरं, सगळं जीपमधनंच जायचं. कंपनीनं गाडीला काहीही नाव देवो, मागं समोरासमोर बाकडी असली की आमच्याकडं ती जीपच.

दादानं अशी एक जीप कर्ज काढून घेतली होती. सकाळी पाटण, दुपारी कोयनानगर आणि कुणाची वर्दी असली तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. हप्ता वेळेवर जायचा. एका वर्षी भुईमूग बरा झाला आणि दादाला हौस आली. कऱ्हाडला जाऊन तो चार मॅगव्हील घेऊन आला. चकचकीत, सहा जाड आऱ्यांची. जुन्या लोखंडी रिमांपैकी तीन तिथंच दुकानदाराला दिल्या, एक स्टेपनीला ठेवली आणि पाचवी आईनं पाण्याच्या पिंपाखाली बैठक म्हणून घेतली.

आबा चाकांभोवती एक फेरी मारून आले.

"ह्यानं गाडी जादा पळती का?"

"न्हाई आबा. दिसाय बरी दिसती."

"मग बैलांची शिंगं रंगवल्यागत झालं की," असं म्हणून आबा गोठ्याकडं गेले. भुईमुगाच्या पैशात घराची मागची भिंत नीट करायची, असं त्यांच्या मनात होतं. हे घर त्यांच्या वडलांनी १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर पुन्हा उभं केलेलं. त्यामुळं भिंत हा आबांचा हळवा विषय. बापलेकांचं बोलणं त्या दिवसापासून कामापुरतं उरलं.

चाकं बसली होती मात्र बरोबर. पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचंही हेच माप होतं आणि आपल्याकडच्या जीपांमध्ये ते पुढं चालत आलं. रिम १५ इंचाची, जुनीही तेवढीच. भोकं जुळली, नट बसले, गाडी पळाली. सातआठ महिने काही तक्रार नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनीला सातवा संपत आला. ओटभरण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर चिपळूणच्या खाली. म्हणजे घाट उतरणं आलं. दादा तसा जबाबदार माणूस. घाटात जायचं म्हणून त्यानं चार दिवस आधी पुढचे ब्रेक पॅड नवे टाकून घेतले. जुने घासून पत्र्याला आले होते.

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या उजव्या चाकातनं आवाज सुरू झाला. हळू चालवली की टिक टिक टिक, वेगात नुसती कुरकुर. वळणावर आवाज वाढायचा, गाडी भरली की आणखी. ज्यानं पॅड टाकले तो म्हणाला, "नवं हाय, बसंल हळूहळू." स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणाले, पॅडच नकली. एकानं बेअरिंग सांगितलं. दादानं पॅड काढून दुसरे टाकले, पाचशे रुपये गेले, आवाज तिथंच.

आबांना हे कळलं आणि त्यांनी जेवतानाच सांगितलं, "सून ह्या गाडीतनं घाट उतरायची न्हाई. येष्टीनं जाईल."

"आबा, एष्टीत उभ्यानं न्हेऊ का तिला?"

कुणी काही बोललं नाही. वहिनी आत भांडी लावत होती, तिचाही आवाज थांबला.

पाटणला एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. गॅरेज कसलं, वडाच्या झाडाखाली पत्र्याची शेड. मी तेव्हा कॉलेजला होतो, सुटीत दादाबरोबर क्लीनर म्हणून जायचो, म्हणून त्या दिवशी बरोबर होतो. चाचांनी आधी काही खोललं नाही. गाडी न्यूट्रल करून आम्हाला ढकलायला लावली आणि स्वतः चाकाजवळ कान लावून चालत राहिले.

"एका फेऱ्यात किती ठोकं हुत्यात, मोज रं पोरा."

मी मोजले. सहा.

"आन् आरं किती?"

सहाच.

चाचांनी दादाकडं बघितलं. "ही चाकं आधी घातली का पॅड आधी?"

"चाकं. पॅड आत्ता चार दिसांमागं."

"मग पॅडचा दोष न्हाई. पॅड बिचारं नवं हाय, एवढाच त्याचा गुन्हा."

मग त्यांनी चाक उतरवलं आणि आम्हाला दाखवलं. कॅलिपरच्या बाहेरच्या कडेवर घासल्याची चमक होती. तशीच चमक मॅगव्हीलच्या प्रत्येक आऱ्याच्या आतल्या बाजूला. चाचांनी समजावलेलं मला आजही लख्ख आठवतं. अशा गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकता असतो. ढकलणारा पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर आत ओढला जाऊन बाहेरचा पॅड दाबला जातो. बाहेरचा पॅड जसा झिजेल तसा कॅलिपर आत, इंजिनाच्या बाजूला सरकत जातो. दादानं मॅगव्हील घातली तेव्हा पॅड झिजलेले होते, म्हणजे कॅलिपर पाचसहा मिलिमीटर आत गेलेला होता. त्या उसन्या जागेत चाकं बसली. नवे जाड पॅड आले, कॅलिपर पुन्हा आपल्या मूळ जागी, बाहेर आला, आणि तिथं आरे उभे होते. मागं ड्रम ब्रेक, म्हणून मागं काही त्रास नाही. पुढच्या डाव्या चाकाला कागद जाईल एवढी फट होती, म्हणून तो आवाज करत नव्हता इतकंच.

तोवर चारपाच जण जमले होते आणि उपाय सुचवायला लागले होते. एक म्हणाला, बोल्टावर दोन दोन वायसर टाका, चाक बाहेर येईल. चाचा त्याच्यावर खेकसले. वायसर टाकले की रिम हबच्या सपाट तोंडावर न टेकता पाच ठिकाणी अधांतरी टेकते, नट ढिले होतात, बोल्ट तुटतात. दुसरा म्हणाला, कॅलिपर घासा थोडा. "ब्रेक दाबल्यावर सगळा जोर ह्याच लोखंडावर येतोय. ह्याला कानस लावायची न्हाई," चाचा म्हणाले. आऱ्यालाही नाही, तिथनं तडा जातो. आणि झिजके पॅड परत टाका, असं म्हणणाराही एक निघाला. त्याच्याकडं चाचांनी नुसतं बघितलं.

नीट तयार केलेला जाड स्पेसर घालता येतो, हेही त्यांनी सांगितलं. पण मग बोल्ट लांब हवेत. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे आटे दीड मिलिमीटरचे असले तर नट निदान आठ फेरे बसला पाहिजे. त्याच्या आत थांबला तर ते चाक घाटात न्यायचं नाही. आमच्या बोल्टांना तेवढी लांबी शिल्लक नव्हती.

"आत्ता जुन्या रिमा घाल पुढं. सुनेला सोडून ये. मग बघू."

एक रिम स्टेपनीची होती. दुसरी पिंपाखाली. संध्याकाळी आम्ही पिंप रिकामं करायला लागलो तेव्हा आबा न बोलता आले आणि त्यांनी पिंपाची दुसरी बाजू धरली. रिम तारेच्या ब्रशनं घासून काढली, गंज वरवरचा होता. सकाळी पाटणला मॅगव्हीलवरचा टायर उतरवून त्या रिमेवर चढवला, दोन्ही चाकं पुढं बसवली. दोन लोखंडी, दोन चकचकीत, अशी ती जीप विजोड दिसत होती. आवाज मात्र गेला. आबा पुढच्या सीटवर, वहिनी मधे उशी घेऊन, अशी आम्ही कुंभार्ली उतरलो. घाटभर आबांचा कान खिडकीबाहेर होता. खाली पोफळीला चहाला थांबलो तेव्हा ते दादाला म्हणाले, "गाडीच्या चाकात आन् आखात वंगनापुरती जागा लागतीच. न्हाईतर आख जळतोय. तुज्या गाडीचं बी तसंच दिसतंय." बऱ्याच महिन्यांत ते दादाशी एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलले.

नंतर चाचा स्वतः कऱ्हाडला आले. रिमेच्या आत ईटी असा शिक्का आणि पुढं आकडा असतो. चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसणार, ते त्यावरनं कळतं. आकडा कमी, तर चाक बाहेर. पण व्यास, रुंदी आणि हा आकडा तिन्ही सारखे असलेल्या दोन रिमांच्या आऱ्यांची आतली पाठ वेगळी असू शकते. म्हणून चाचांनी आईकडनं मूठभर घट्ट कणीक मागवून घेतली होती. कॅलिपरवर कणकेचा थर थापला, आऱ्यांना आतनं तेलाचं बोट लावलं, चाक चढवून नट आवळले आणि हातानं हळूच एक फेरा दिला. चाक उतरवून कणकेत जिथं सगळ्यात जास्त दाबलं गेलं होतं, तिथं सुरीनं काप दिला आणि मोजलं. तीन मिलिमीटरपेक्षा कमी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं नवे पॅड असतानाच करायचं, ही त्यांची मुख्य अट. पहिल्या दोन प्रकारच्या रिमा नापास झाल्या. तिसऱ्यानं सहा मिलिमीटर दिले. दुकानदारानं कुरकुर केली, पण फरक घेऊन बदलून दिल्या. नट आवळले तेही एकाआड एक, आणि पन्नासशंभर किलोमीटरनं परत पाना लावायचा, असं बजावून.

वहिनीला मुलगी झाली. पुढच्या वर्षी मागची भिंतही झाली.

चाचा आता नाहीत. पण हौसेनं चाकं घेणारी वाडीतली पोरं अजून आधी आमच्या घरी येतात. आई काही विचारत नाही. परातीतला गोळा तोडून हातावर ठेवते आणि म्हणते, "पुरंल का आजून देऊ?"